एक एप्रिलची माणसं

हिरव्या पाटीवर लिहिलंय: ओस्टरबी, लोकसंख्या त्रेचाळीस.
आकडा दहा वर्षांमागचा. पाटीला छर्‍यांची दोन भोकं,
एकातून पलीकडचा मका दिसतो.

ऑगस्टचं ऊन. तोंडाला मास्क, गळ्यात ओळखपत्र, हातात सरकारी फोन.
दारापासून सहा फूट लांब उभं राहून
मी पाठ केलेलं वाक्य म्हणते:
एक एप्रिलला या घरात कोण कोण राहत होतं?

अण्णांचं वाक्य लहान होतं. "माणसं किती?"
सावळदर्‍यात शाळा सुटली की ते शिक्षकाचे प्रगणक व्हायचे.
मी गेरूचा डबा धरायची,
ते चौकटीवर घराचा नंबर घालायचे, वाळेपर्यंत फुंकर मारायचे.
"मुलं किती?"
"दोन."
अण्णा लिहायचे नाहीत. पेन हवेतच ठेवून,
"आणि पोरी?"
"पोरी व्हय? त्या तीन."
मग पाच लिहायचे.
अनुसूचित जातीच्या रकान्यापाशी मात्र आवाज खाली जायचा त्यांचा.
मला वाटायचं, दिवसभर बोलून घसा बसला.

इथे पहिलं घर बंद. दुसरं बंद, पोस्टाच्या पेटीत गांधीलमाश्या.
शाळेत ट्रॅक्टरचे टायर ठेवलेत,
फळ्यावर कुणीतरी त्यांचे भाव लिहिलेत.
तिसर्‍या दारात ऑर्व्हिल, वय एक्क्याऐंशी, एकटा.
वंश विचारला तर म्हणतो,
"अर्धा स्वीडिश, थोडा चेक, उरलेला हट्टी."
हट्टीसाठी रकाना नाही.
तो मलाच विचारतो, "तू कुठून मोजायला आलीस?"
मी सांगते, इथूनच, तालुक्याच्या गावाहून.
तालुका म्हणजे काय ते त्याला कळत नाही,
आणि मला दुसरा शब्द आठवत नाही.

आर्डिसच्या दाराला जाळी. जाळीआडून म्हणाली,
"एकच. मी."
मी बोट हवेतच ठेवलं.
"एक एप्रिललासुद्धा?"

ती अंगणाकडे बघत राहिली.
"लाव्हर्न नऊ तारखेला गेला. दवाखान्यात, काचेपलीकडे.
एकला इथेच होता. शिडीवर.
पन्हळीतला पाला काढत होता, मी ओरडत होते, उतर म्हणून."
"मग त्यांना धरायचं."
"धरायचं?"
"हो."
"धरायचं," ती पुन्हा म्हणाली, जाळी उघडून बाहेर आली,
सहा फुटांचं भान राहिलं नाही, मलाही.
"एल मोठा काढ, आणि व्हीसुद्धा मोठा. सगळे चुकतात."
वय? "अठ्ठ्याहत्तर. जूनमध्ये वाढलं असतं."

शेवटचं घर म्हणजे धान्याच्या कोठारामागचा ट्रेलर.
फर्मीन रात्रपाळी करून झोपलेला, मांस कापायच्या कारखान्यातली.
एलुव्हियाच्या कडेवर पोर.
अण्णांच्या कागदावर शून्य ते सहाचा रकाना ओसंडायचा,
इथे आज पहिल्यांदाच उघडणार म्हणून मी उत्साहाने विचारलं,
जन्मतारीख?
"दोन एप्रिल."
फोन पुढे जाईना.
मी समजावलं. नियम सांगितला. सॉरी म्हटलं.
एलुव्हिया हसली.
"रात्री तीनला ये," म्हणाली, "आणि तेव्हा सांग, ही नाहीये म्हणून."
पोरीने माझ्या ओळखपत्राची दोरी धरली,
सोडवायला वेळ लागला.

एकूण एकोणतीस. लाव्हर्न धरून,
यारेली सोडून.

अण्णा असे उशिरा आलेले जीव समासात लिहायचे,
पेन्सिलने, बारीक. वरचे साहेब खोडायचे, तरी लिहायचे.
फोनला समास नसतो.
गाडीत पेट्रोलची पावती सापडली. मागे लिहिलं,
ओस्टरबी. आणि पोरी: एक.

मग गाडी सुरू केली.
पुढचं गाव अकरा मैल, पाटीवर सतरा.