वायरमनचं घोंगडं

पहिली गोष्ट, चेन.
दहिवडी सोडून दोन किलोमीटरवर
घोंगड्याची दशी गाडीच्या चेनमध्ये गेली
आणि मी रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर,
कुणाला तरी नमस्कार घातल्यासारखा.
पान्ह्यानं चाक सोडवलं, दातानं धागा तोडला.
तेव्हापासून पदर पोटाशी खोचून घेतो,
भांगलायला निघालेल्या बाईसारखा.

दुसरी, खांब.
खांबावर हे चालत नाही. वारं भरलं की
माणसाचं शीड होतं, आणि हातभर अंतरावरून
अकरा हजार वाहत असतात.
म्हणून चढताना ते खाली, बुंध्याशी.
वरून बघावं तर कुत्रं त्यावर झोपलेलं.
हाकलत नाही. उतरेपर्यंत ऊब टिकते.

तिसरी काय होती, विसरलो.

कंपनीनं जॅकेट दिलंय की.
निळं, चकाकत्या पट्टीचं, चार खिसे,
त्यातला एक मोबाइलचा वेगळा.
त्याची चेन गेल्या साली गळ्याशी अडकली
ती अडकलीच.
दस्तगीर म्हणतो, "तेच घाल, माणसात दिसशील."
माणसात म्हणजे कुठं, मी विचारलं.
सबस्टेशनवर रात्री आम्ही दोघंच.

म्हसवडच्या तातोबा संगरानं विणलेलं हे,
चिंचोक्याची खळ दिलेलं.
नवं होतं तेव्हा पत्र्यासारखं उभं राहायचं.
वैजयंता म्हणाली,
घरात एवढं एक तरी ताठ आहे.

बाही नाही, काज नाही, बटण नाही,
म्हणजे तुटायलाही काही नाही.
पण खोळ धरायला एक हात कायमचा
त्याच्या नोकरीत जातो.
दुसऱ्या हातात चहा. कुणी बिस्कीट पुढं केलं
तर नको म्हणावं लागतं, आणि लोक म्हणतात,
वायरमन मानी आहे.
भिजलं तर बोकडाएवढं जड,
वासही बोकडाचाच.
एसटीत कंडक्टर एकदा बघतो माझ्याकडं,
एकदा घोंगड्याकडं,
तिकीट मात्र एकच फाडतो.

मागच्या डिसेंबरात वरकुट्याच्या फाट्यावर
पेट्रोल संपलं. रात्रीचे साडेबारा.
निवाराशेडला तीन भिंती, चौथीच्या जागी
माणचं वारं.
आत कुणीतरी आधीच बसलेलं.
बॅटरी मारली, तर शिदू गळवे.
सकाळी अकराला मीच त्याची वायर कापलेली,
दोन हजार एकशे चाळीस थकले म्हणून.
अंगात टेरिकॉटचा सदरा. दात वाजत होते
आणि ते कळू नये म्हणून
तो तंबाखू मळत होता, मळतच होता.

मी बोललो नाही. तोही नाही.
बऱ्याच वेळानं मी तो हात सैल केला,
नोकरीतला.
घोंगडं त्याच्याकडं सरकलं
की तो घोंगड्याकडं, सांगता येणार नाही.
एका खोळीत दोन डोकी मावत नाहीत,
म्हणून डोकी उघडी ठेवली, पाठी झाकल्या.

जॅकेट असतं तर?
अर्धं जॅकेट कुणाला देता येत नाही.
द्यायचं तर सगळं काढून द्यायचं,
आणि तेवढं मी दिलं नसतं,
खोटं कशाला बोलू.

पहाटे दुधाचा टेम्पो आला.
उठताना तो एवढंच म्हणाला,
"मेंढरू हाय अजून ह्यात."
मी म्हणालो, सोमवारी भर, लगेच जोडतो.
तो म्हणाला, "सोमवारी बाजार असतोय."
आणि टेम्पोच्या मागं कॅनांमध्ये बसून गेला.

त्याच्या बाजूच्या दशांना
अजून तंबाखूचा वास येतो.
वैजयंता धुवायला मागते. मी देत नाही.
एक तर वाळायला चार दिवस लागतात.