मंगळवारची नदी

आर्नसाइडला चहाच्या दुकानावरची ही खोली घेतली
ती उत्तरेच्या खिडकीसाठी.
बाकी सगळं गळकं.
हीटर नाणी खातो,
पन्नास पेन्समध्ये जेमतेम एक ढग होतो.

सकाळचं पहिलं काम चित्र नव्हे.
पॅलेटवर रात्रीत धरलेली साय
सुरीच्या टोकानं खरवडायची,
टर्पेंटाइनची बरणी न हलवता
वरचं तेवढं ओतून घ्यायचं,
ताकावरची निवळ काढतात तसं.
ब्रश साबणात घोळवून तळहातावर गोल गोल,
फेस पांढरा येईपर्यंत.
तो कधीच पुरता पांढरा येत नाही.

भिंतीकडे तोंड करून उभी आहेत अकरा चित्रं,
वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखी.
त्यातलं एखादं मधूनच खोकतं.
मी मागे बघत नाही.

उघडीप दिसली की निघते.
तिपाईला दगडांची पिशवी टांगते,
कारण एकदा वाऱ्यानं माझं अख्खं आकाश
हिल्डा पोसलथ्वेटच्या गुलाबांत नेऊन टाकलं होतं.
ओलं. पालथं.
तिनं ते परत दिलं, पाकळीसकट.

काळा रंग सोबत नेत नाही.
अल्ट्रामरीन आणि जळका सिएना
भांडत भांडत जो करडा देतात
तोच या खाडीचा.
वाळू ओली असते तेव्हा राखुंडी,
सुकत आली की ज्वारीचं पीठ,
आणि मध्ये दहा मिनिटं
जिला नाव नाही अशी कसलीतरी.
मी त्या दहा मिनिटांसाठी येते.

कुत्रा फिरवणारी एक बाई थांबते.
“माझी मावशीही काढायची चित्रं,” म्हणते.
कुत्रा दगडांची पिशवी हुंगतो.
“पण तिची ओळखू यायची.”

भरतीचा पहिला भोंगा होतो.
अजून वेळ आहे, म्हणतात हात.
दुसरा होतो.
समुद्राकडून एक पांढरी रेघ,
धाव दोरा घालावा तशी,
सरळ पुलाकडे निघते,
आणि मी रंगवत असलेली वाळू
माझ्या डोळ्यांदेखत उसवली जाते.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
आमचा धंदाच तो.

फेब्रुवारीतली एक छोटी फळी
चार फुटी कॅनव्हासवर मोठी करायला घेतली होती.
तीन आठवडे.
सगळं जिथल्या तिथे,
आणि दाताच्या दवाखान्यात टांगावं इतकं शहाणं.
काल सुरीनं काढून टाकलं.
खरवडताना खाली जे भुरकट उरलं
ते दोन मिनिटं बरं दिसलं.
तिथं थांबायला हवं होतं.
नाही थांबले.

आज आयझॅक ब्रेथवेट जिना चढून आला,
दोन कप चहा, अर्धा सांडलेला.
जन्म गेला त्याचा या खाडीत तिसऱ्या वेचण्यात.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यानं नवी फळी नाकाशी धरली.

“ही मंगळवारची नदी,” म्हणाला.
“बुधवारी रात्री तिनं पात्र बदललं.
आता ती पलीकडून जाते, ग्रेंजच्या अंगानं.
हे बघून कुणी चालत निघालं तर बुडेल.”

दुरुस्त करू का, विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग नखानं दाखवलं,
आकाशात, जरा उजवीकडे,
पाय वर करून चिकटलेलं एक चिलट.
“हेही मंगळवारचंच?”
“हो.”
“मग राहू दे.”

तो गेल्यावर फळीच्या मागे पेन्सिलीनं वार लिहिला.
किमतीची जागा मोकळी.
हीटर थांबला.
नाण्यासाठी कोटाच्या खिशात हात घातला,
तर वाळू.