लोखंड खाली आहे

अठ्ठावीस वर्षं मी किरुनाच्या पोटात लोडर चालवला.
हजार मीटरच्याही खाली, जिथे जानेवारी आणि जून सारखेच,
काळं खनिज बादलीत घ्यायचं, विहिरीत ओतायचं.
वर गाडी भरायची, नार्विकच्या बंदराला जायची.
रक्ताचं पाणी केलं म्हणतात, तसं.
ते शब्दशः होईल
असं तेव्हा वाटलं नव्हतं.

"हिमोग्लोबिन ब्याऐंशी," फारिया म्हणते,
आमची नर्स, वयानं माझ्या लेकीएवढी.
मग लोखंडाच्या गोळ्या दे.
"लोखंड आहे तुमच्यात, थीरा. साठा भरलेला आहे.
पण गाठीनं अंगात दाह पेटवलाय,
आणि दाह पेटला की शरीर कोठाराला कुलूप घालतं,
चोर आलाय समजून.
चोर मजेत राहतो. घरचे उपाशी."

मी म्हटलं, म्हणजे जन्मभर लोखंडाचे चणे खाल्ले
ते अंगाला लागलेच नाहीत.
आम्ही दोघी हसलो.
मी दोनच सेकंद, मग धाप.

हा थकवा कामाचा नाही.
कामाचा थकवा माझ्या ओळखीचा आहे.
त्याला भूक असते, तो सौनात बसला की विरघळतो,
रात्री घोरतो.
याला काहीच नसतं.
सकाळी उठते ती रात्रपाळी करून आल्यासारखी.
केस विंचरताना हात मध्येच खाली येतो
आणि मी आरशासमोर
त्या हाताची वाट बघत उभी.

ताप नाही. कणकण आहे,
राखेखाली काहीतरी लाल राहावं तशी.
टागेनं रेनडियरचं मांस लोण्यात परतलं,
वासानंच मी ताट सारलं.
त्यानं न बोलता दोघांचंही खाल्लं.
मी चिडले, माझं का खाल्लंस म्हणून,
मग रडले,
मग हे कोण रडतंय ते बघत बसले.

डॉक्टर म्हणाले, मनासाठी काही देऊ का.
फारिया म्हणाली, आधी रक्ताचं बघू.
मन तरी राहतं कुठे?

फॉर्मवर विचारलेलं असतं:
गेल्या आठवड्यात अशक्तपणा वाटला का?
मुळीच नाही. थोडा. बराच. फार.
चार चौकटी.
पाचवी मी हातानं काढली
आणि काय लिहावं ते न सुचून
कोरीच ठेवली.

गुरुवारी दोन पिशव्या चढवल्या.
आमच्याकडे तुमचं रक्त कुणाला दिलं
की तुम्हाला मेसेज येतो.
मलाही आला होता एकदा, खाणीच्या कपडे बदलायच्या खोलीत,
तोंडावर काजळी, हातात फोन,
आणि मी तो रूनारला, आन-ब्रिटला, सगळ्यांना दाखवत सुटले होते,
जणू माझं पोर पहिलं आलंय.
आज कुणाचा फोन थरथरला असेल?
उमेओतला एखादा पोरगा, सिग्नलला सायकलवर थांबलेला,
वाचून खिशात टाकला असेल,
दिवा हिरवा झाला असेल.

शनिवारी मी जिना चढले.
चौदा पायऱ्या. वर काही काम नव्हतं.
मग मीठ जास्त पडलं म्हणून टागेशी भांडले,
नीट, शेवटपर्यंत, मध्ये खुर्ची न शोधता.
तो भांडी घासताना शीळ घालत होता.

फारियानं सांगून ठेवलंय,
कुलूप आहे तसंच आहे.
दोन आठवडे. फार तर तीन.

गाव आता पूर्वेला सरकलंय.
खालचं लोखंड काढलं की वरची जमीन खचते,
म्हणून घरं उचलून नेली.
आमचं पिवळं घर ट्रेलरवरून गेलं
तेव्हा टागे त्याच्यामागून चालत गेला,
घरातलं कुणी गेल्यासारखा, टोपी हातात.

नव्या जागी आवाज कमी येतो,
पण रात्री सव्वाच्या पुढे खाली सुरुंग उडतात
तेव्हा कपाटातले पेले किणकिणतातच.
मी जागी असते, हात पोटावर.
टागे झोपेत म्हणतो, "पडलं."
इतकी वर्षं रोज म्हणतो.
काल मी विचारलं,
"कुठलं?"
तो कुशीवर वळला.