मान पुसणारं यंत्र

जळगावात समुद्र नाही.
माझ्या घरात आहे, साडेतीनशे लिटर:
वाघूर धरणाचं पाणी गाळून
त्यात काट्यावर तोलून टाकलेलं मीठ.
तसं हे पाणी तापीनं सुरतेपर्यंत न्यायचं
आणि मग ते खारट व्हायचं.
मी तेवढी वाट पाहिली नाही.

टाकीच्या मागे स्किमर उभा असतो,
पोटानं जाड, मानेत बारीक.
हवा पितो, फेस ओकतो.
माशांनी खाल्लेलं, टाकलेलं, कुजायच्या बेतात असलेलं
बुडबुड्याला धरून वर चढतं
आणि मानेत चिकटून बसतं.
तपकिरी, तेलकट.
साबणानं दोनदा हात धुतले तरी
तिसऱ्या घासाला वास येतोच.
कुमुदिनी म्हणाली, शनिवारी भरीत करू की हा डबा धुता,
एक काय ते ठरवा.

मान मळली की फेस चढत नाही,
आणि मी आठवडाभर रात्रपाळीला,
पाइपच्या कारखान्यात.
म्हणून यंत्र.

पहिलं: दात घासायचा ब्रश, खेळण्यातल्या जीपची मोटर.
अर्धा तास फिरलं. सकाळी
ब्रशचे केस डब्यात, जीप मेलेली.

दुसऱ्याला फत्तू तडवीनं वायपरची मोटर दिली,
स्वतः वाइंडिंग करून, पैसे न घेता.
खाऱ्या वाफेनं तांबं आठ दिवसांत हिरवं.
फत्तूनं ती उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाला,
"भो, मोटरनं लोनचं करी टाकं तू."

तिसऱ्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही.
दांडा: ठिबकची सोळा एमएमची नळी, शेतातून उरलेली.
पातं: कुकरची जुनी रिंग, ब्लेडनं कापून.
मायक्रोवेव्हच्या ताटाखाली असते ती मोटर,
मिनिटाला पाच फेरे, तिला कसली घाई नाही,
ती झाकणावर, पेढ्यांच्या डबीत, मेणानं बंद केलेली.
आणि कूलरचा टायमर.
रात्री तीन दहाला चालू, तीन बाराला बंद.

मग आप्पा आले, डोळ्याच्या ऑपरेशनला.
चोपड्याकडच्या गुऱ्हाळांवर
तीस वर्षं गुळवे होते.
माशांकडे त्यांनी बघितलंही नाही.
खुर्ची ओढून स्किमरसमोर बसले,
धड असलेला एक डोळा मानेवर लावून.
"हाई काय शे?"
मी प्रोटीन, हवा, पृष्ठताण असं काहीबाही सांगितलं.
आप्पा म्हणाले, "मळी."

बरोबरच. काहिलीत रस उकळतो,
भेंडीचा चीक पडतो, घाण वर येते,
झाऱ्यानं बाजूला.
मला ते दुकानदारानं इंग्रजीतून विकलं होतं,
साडेअकरा हजारांना.

डब्यातलं चहाच्या रंगाचं पाणी त्यांनी
खिडकीपाशी नेऊन हलवलं.
"पातय शे. कच्ची मळी काढी ऱ्हायना तू,
रस बी चालना जाई."
मी व्हॉल्व्ह एक आटा फिरवला. ते म्हणाले, अजून.
अर्धा आटा.
सकाळी डब्यात बोटभरच होतं,
पण काळं, दाट, काकवीसारखं.
आप्पांनी वास घेतला, तोंड वाकडं केलं,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली म्हणाले.

डोळ्यावर पट्टी असल्यापासून त्यांना झोप नाही.
मी मशीनपाशी, गरम पाइप ओढत असतो,
तीन वाजून तेरा मिनिटांनी खिसा थरथरतो.
"फिरनं," आप्पा सांगतात. एवढंच.

परवा घाईत त्यांनी एक मिनिट आधीच फोन लावला.
बोलले काहीच नाहीत. मीही नाही.
पलीकडून कुकरची रिंग
प्लास्टिकच्या मानेवर
चर्र, थांबून, चर्र.