निशाणी चौदा

मी प्रतिवादी क्रमांक दोन.
क्रमांक एक माझ्या शेजारीच बसलेत, त्याच बाकावर,
धोमणे फेरो अलॉइजचे गुलाबराव धोमणे,
आणि मधल्या जागेत आमच्या दोघांच्या फायली
एकमेकींना टेकून.
वादी रायपूरचे. ते स्वतः येत नाहीत.
त्यांचा वकील सकाळच्या गाडीने उतरतो
आणि सिव्हिल लाइन्सच्या झाडांचं कौतुक करतो.

तीन वर्षांपूर्वी हेच धोमणे
हिंगण्याच्या एमआयडीसीत मला म्हणाले होते,
"पाहून घ्या न साहेब, समोरच तर आहे माल.
आपल्यापाशी लपवालपवी नाही."
समोर मँगनीजचे सात ढीग,
काळे, भर मे महिन्यात चमकून राहिलेले.
सेहेचाळीस अंश.
माझा आर्टिकल, कोवळा पोरगा, डोक्याला दुपट्टा बांधून
टेप धरून फिरला ढिगाभोवती:
परीघ, उंची, शंकूचं सूत्र.
मी गाडीत, एसी लावून, गुणाकार केला.
गुणाकार बरोबर होता.
एवढं मी आजही शपथेवर सांगू शकतो.

मग हमीपत्र आलं, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासकट:
आमच्या माहिती व विश्वासाप्रमाणे
वरील साठा खरा व बरोबर आहे.
ते मी अहवालाला जोडलं.
रायपूरने त्यावर सत्तर कोटींचा भाव काढला,
बँकेने मान डोलावली,
आणि धरमपेठेत, जेवताना, मी बायकोला म्हटलं,
सौदा पुरा झाला की फी येईल,
गच्चीवर एक खोली काढू.

सौदा पुरा व्हायला अकरा दिवस होते
तेव्हा रायपूरचा एक माणूस जेसीबी घेऊन आला.
तिसऱ्या ढिगात दोन फुटांवर काळं संपलं.
आत मुरूम.
पांदण रस्त्यावर टाकतात तसला, लाल,
भुसभुशीत, अगदी निरागस.

आज माझी उलटतपासणी.
ढिगावर चढलात? नाही.
कुठे खोदून पाहिलंत? नाही.
मग पाहिलंत काय?
मी म्हणालो, कागद.
कुणीतरी मागे हसलं. टंकलेखक हसली नाही,
तिने टाइप केलं: कागद.

मग त्यांनी निशाणी चौदा दाखवली.
माझ्याच फोनमधून काढलेला फोटो,
अहवालाच्या पहिल्या पानावर मीच छापलेला,
ढिगांमागे आकाश बरं दिसतं म्हणून.
"मधल्या ढिगाच्या कुशीत हे काय आहे, सांगाल?"
चष्मा पुसला. पुन्हा घातला.
वाळलेल्या गवताचा एक झुबका.

वजनकाट्यावरचा सुखदेव उईके
मागच्या तारखेलाच सांगून गेला होता,
"निर्‍या मँगनीजवर गवत धरत नाही साहेब.
खाली माती असन तरच धरते.
मले कोणी विचारलंच नाही.
मी तर तिथंच होतो, काट्यापाशी."

तो तिथंच होता. मला आठवतं,
गाडीची काच खाली करून मी त्याला
गेट कुठून आहे, ते विचारलं होतं.

माहिती धोमण्यांची होती, विश्वास माझा.
एकाच वाक्यात, मध्ये एक फक्त "व".
त्या "व"वर आता दोन्हीकडचे वकील
तासाच्या हिशेबाने भांडतात,
आणि माझा वकील म्हणतो, काळजी करू नका,
फसवला गेलेला सल्लागार हा कायद्यात
निष्काळजी सल्लागाराहून वेगळा प्राणी आहे.
कसा वेगळा, ते पुढच्या तारखेला.

जेवणाच्या सुट्टीत धोमणे टपरीवरून दोन चहा घेऊन आले.
कानाच्या पाळ्या उन्हाने लाल, हात जरा कापत होता.
"घ्या न साहेब. तुमचा बिनसाखरेचा सांगितला."
मला शुगर आहे, हे त्या मे महिन्यापासून
त्यांच्या लक्षात आहे.
मी गिलास नाकाशी नेला. थांबलो.
जिभेच्या टोकाने एक थेंब.

खरोखरच बिनसाखरेचा होता.