नसलेल्या शेताची पाळी

सकाळी साडेआठला मी पत्र्याच्या तसराळ्यातलं पाणी मोजतो.
चार फूट रुंद, वर जाळी, कावळ्यांनी चोच घालू नये म्हणून.
कालच्यापेक्षा आज अकरा मिलिमीटर कमी.
कुणी प्यालं नाही, कुणी उपसलं नाही.
मोहोळच्या अलीकडचं एप्रिलचं ऊन
विचारून घेत नाही.

अकरा मिलिमीटर म्हणजे नखभर.
पण खाण सव्वादोन हेक्टर,
आणि नख सव्वादोन हेक्टरभर पसरलं
की दिवसाला पंचवीस टँकर होतात,
बिनआवाजाचे, बिनडिझेलचे,
सरळ वर जाणारे.

इथं इरण्णा म्हेत्र्यांचं रान होतं.
वर हातभर काळी, खाली मुरूम,
त्याच्याखाली गोटे आणि चाळ,
सीनेनं कधीकाळी कूस बदलताना टाकलेले.
रस्त्याला गोटे हवे होते.
मशिनं आली, गोटे गेले,
तिसऱ्या महिन्यात जमिनीचं झाकलेलं पाणी
उघड्यावर पडलं.
निळंशार. कॉलेजची पोरं फोटो काढतात.
खालच्या अंगाला बसलिंगप्पाच्या विहिरीत मात्र
अशा पायऱ्या दिसायला लागल्या
ज्या त्याच्या बापानंही पाहिल्या नव्हत्या.

मग आदेश निघाला :
उडतं तेवढं नदीला परत.
कुठून, ते आदेशात नव्हतं.
कपाटातून धुळीसकट रजिस्टर निघालं :
सातवी चारी, गट एकशे त्र्याऐंशी,
रब्बीला तीन पाळ्या, उन्हाळी एक.
रान खड्ड्यात गेलं,
पाळी कागदावर जिवंत होती.

साहेब म्हणाले, सगळी पाळी धरू नका.
पिकानं प्यालं तेवढंच म्हेत्र्यांचं.
जे मुरून खाली गेलं
ते तेव्हाही बसलिंगप्पाच्या विहिरीचंच होतं.
एकच पाणी दोनदा देता येत नाही.

म्हणून मी गंगव्वाकडे गेलो, वही घेऊन.
काय काय पेरायचा, मावशी?
शाळू. करडई. एक साल ऊस,
पण ते लिहू नका, ह्यांना आवडलं नव्हतं.
पीक किती पाणी प्यायचं?
ती हसली नाही.
"रातच्या पाळीला दारं मीच धरायची.
घोटा गार पडला की वाफा भरला.
पीक किती प्यालं, ते पिकाला इचारा."
मी तक्त्यातला आकडा घातला.

पाळी आली रात्री दोनला.
महिबूब पाटकऱ्यानं चाक फिरवलं,
आणि तीस वर्षांच्या सवयीनं हाळी दिली :
म्हेत्रे, पाणी आलं हो!
खाणीनं हाळी तेवढी परत केली.
पाणी खाणीच्या कडेकडेनं गेलं,
न थांबता, ओढ्याकडे,
जिथून सीना फार लांब नाही.
गंगव्वा बांधावर उभी होती, खोरं घेऊन.
वळवायला काहीच नव्हतं.
तिनं चप्पल काढली, पाय चारीत सोडला.
बराच वेळ.
मग म्हणाली, भरला.
मी वेळ टिपली, तीन चाळीस.
'भरला' कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

सकाळी तसराळं बारा मिलिमीटरनं उतरलं होतं.

हिशेब असा, की म्हेत्र्यांची पाळी
खाणीला वर्षातले शंभर दिवस पुरते.
उरलेल्या दिवसांसाठी
आणखी कुणाचं तरी रान कोरडं ठेवावं लागेल,
मोबदला देऊन, रीतसर, सहीनिशी.
यादी करायचं काम माझ्याकडे आहे.
नववी चारी, गट दोनशे बारा,
विहिरीकडेला दोन लिंबं, शाळू बरा येतो,
नाव माझ्या वडिलांचं.
तिथं बोट जरा वेळ थांबलं.
मग मी पान उलटलं.