दुसरा ब्रेक

माझ्या गाडीत ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याचा, एक माझा,
खालून एकाच दांडीनं जोडलेले.
एकवीस वर्षं रामबागेतून निघून
बँकेतले खांडेकर, बुळ्यांच्या तिघी सुना, एक होमिओपॅथ,
सगळ्यांना राजवाड्याच्या गर्दीतून काढून आणलं,
आणि त्यांना वाटत राहिलं
गाडी आपणच थांबवतोय.

शाल्मलीच्या गाडीत सीटच एक.
पहिल्यांदा पाहिली तेव्हा सवयीनं
डावीकडच्या दाराला हात घातला.
दार नव्हतं.
ती त्या नळीत पाय पसरून निजल्यासारखी बसली,
दोघांनी वरून पट्टे आवळले,
आपण होल्डॉल आवळायचो तसे.
टायर पाहिले तर गुळगुळीत. म्हटलं,
असल्या टायरांवर मी कुणाला गल्लीबाहेर काढत नाही.
ती म्हणाली, नवेच आहेत बाबा.
नक्षी नसते म्हणून तर धरतात.

जूनमध्ये कोइंबतूर. अकरावी आली.
दुसऱ्या रेसमध्ये लखनौच्या एका पोरानं
चाकाला चाक लावलं
आणि ती गेली खडीत, धुळीचा एक पडदा, मग काहीच नाही,
मग हेल्मेट वर आलं.
शेजारच्या गृहस्थांनी मला खुणेनं दाखवलं,
माझा उजवा पाय त्यांच्या चपलेवर होता,
दाबलेला.

त्यानंतर दुसरी गाडी विकली.
पहाटे साडेपाचची बॅच सुरू केली, सगळे पेन्शनर,
तिसरा गिअर टाकायला कुणी तयार नाही.
हिशेब तिच्या आईच्या दुधाच्या वहीत:
दूध, दूध, नागा, दूध,
पुढचा डावा टायर.

रात्री जेवणं झाली की शाल्मली
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत डोळे मिटून बसे
आणि हातात ताट धरून वळणं घेई.
मी घड्याळ धरायचो.
एक मिनिट, एक्कावन्न. पुन्हा.
एक्कावन्नला थोडं कमी. पुन्हा.
एकदा डोळे न उघडता म्हणाली,
चौथ्या वळणाला तुम्ही श्वास धरता.
मला ऐकू येतं, मग मी लवकर ब्रेक मारते.
पुढच्या रात्रीपासून घड्याळ तिच्या आईकडे.

मद्रासला सातवी, सहावी.
शेवटच्या फेरीत चौथी. तिसऱ्यापासून
तीन दशांश सेकंद.
एवढ्या वेळात आमच्या इंदुरात
पोह्यांवर जीरावनसुद्धा पडत नाही.
एकोणीस पोरांत वर्षाअखेर पाचवी,
पाचव्याला कप नसतो. एक टोपी मिळाली,
ती खुंटीवर आहे, माझ्या मफलरखाली.

डिसेंबरात अठरा पूर्ण झाली.
नायता मुंडल्याला आरटीओची टेस्ट,
आखलेला आठाचा आकडा,
वेग बैलगाडीचा.
कार्टिंगपासून ती ब्रेक मारते डाव्या पायानं,
आणि इथं डाव्या पायाखाली क्लच.
आठाच्या बरोबर पोटात गाडी
पट्टी ओलांडून गेली.
इन्स्पेक्टर ओळखीचे. म्हणाले,
बेटा, पहले ढंग से सीख लो,
पापा का तो स्कूल है.
मी इतका हसलो की डोळे पुसावे लागले.
ती नाही हसली. तीन दशांशांनाही
इतकी गप्प नव्हती.

परतताना एलची पाटी लावून स्टिअरिंग तिच्याकडेच.
तीन इमलीच्या अलीकडे एक म्हातारे गृहस्थ
सायकल हातात धरून, हँडलला कोबीची पिशवी,
आडवे आले.
माझा पाय पेडलवर पोचला
आणि पेडल
माझ्या तळव्याखालून आधीच खाली चाललं होतं,
सावकाश, मी शिकवतो त्याहून मऊ.
गाडी थांबली.
माझा पाय तिथंच, नुसता टेकलेला.
गृहस्थ आमच्याकडे न पाहताच
पलीकडे गेले.